चोर जामिनावर सुटला, पण तुमची पोत आणि गाडी ठाण्यात का अडकली?

बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड कामगार भावानं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. दिवाळीनंतर नवरा-बायको मुकादमाची उचल (आगाऊ मजुरी) घेऊन कारखान्यावर गेले, घराला कुलूप. जानेवारीत शेजाऱ्याचा फोन आला की कडी तुटलेली दिसतेय. बायकोची दीड तोळ्याची पोत, कानातले झुंबर, रोख पस्तीस हजार आणि पडवीत लावलेली मोटारसायकल, सगळं गेलं. दोन महिन्यांनी स्थानिक गुन्हे शाखेनं दोघांना धरलं. पोत आणि गाडी सापडली, झुंबर आणि पैसे नाही. दोघं पंधरा दिवसांत जामिनावर बाहेर. "तो आठवडी बाजारात माझ्यासमोर उभा राहून चहा पितो, आणि माझी गाडी ठाण्याच्या आवारात गंजतेय. ठाण्यात म्हणतात कोर्टातून ऑर्डर आणा, दुसरं कुणी म्हणतं निकाल लागेपर्यंत थांबा. धरला तेव्हा गावानंच तुडवला असता तर बरं झालं असतं. कायदा चोराच्या बाजूचा आहे का?"

मी तालुका कोर्टात फौजदारी कामं करतो. फिर्यादीच्या बाजूनंही उभा राहतो, आरोपीच्याही. तुमच्या रागात खोट नाही. पण तो राग जामिनावर खर्च होतोय आणि तुमचा माल दुसऱ्याच कारणानं अडकलाय. म्हणून आधी मालाचं बोलू.

निकालापर्यंत थांबायची गरज नाही. ज्यानं तसं सांगितलं त्यानं चुकीचं सांगितलं. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात सरकार या 2002 च्या निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट म्हटलंय की जप्त मुद्देमाल ठाण्यात पंधरा दिवस ते फार तर महिनाभर राहावा, त्यापुढे नाही. त्या प्रकरणात आरोप खुद्द पोलीस कर्मचाऱ्यांवर होते: ठाण्यातला मुद्देमाल बदलून नकली ठेवला, रक्कम हडपली, परस्पर लिलाव केला. दागिने असोत, गाडी असो, रोकड असो, पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि मूळ मालकाला देऊन टाका, असं कोर्टानं सांगितलं. खटल्यात वस्तूऐवजी ते फोटो आणि पंचनामा चालतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर हे कलमातच आलंय. कलम 497 प्रमाणे मुद्देमाल कोर्टापुढे आल्यावर चौदा दिवसांत त्याचं वर्णनपत्र तयार करायचं, फोटो किंवा व्हिडिओ घ्यायचा आणि त्यानंतर तीस दिवसांत तो कुणाला द्यायचा याचा आदेश करायचा.

मग माल पडून का राहतो? बहुतेक वेळा कुणी अर्जच केलेला नसतो म्हणून. पोलीस स्वतःहून आणून देतील या आशेवर माणूस बसतो. दोन जानेवारीच्या पोलीस रेझिंग डेला अधीक्षकांच्या हस्ते दागिने परत दिल्याचे फोटो पेपरात येतात, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण त्या फोटोंमागेही कोर्टाचे आदेश असतात.

अर्ज कुठे करायचा? ज्या ठाण्यात गुन्हा नोंदवलाय त्या हद्दीच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, कलम 497 आणि 503 खाली, "मुद्देमाल परत मिळणेबाबत". सोबत एफआयआरची प्रत, जप्ती पंचनाम्याची प्रत, आधार कार्ड आणि मालकीचा पुरावा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. कोर्ट तपासी अंमलदाराचा अहवाल आणि सरकारी वकिलांचा "से", म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं. "हरकत नाही" असा से आला की पुढचं सोपं. कधी आरोपीलाही नोटीस जाते. त्यानं "हा माल माझा नाही" असं लिहून दिलं तर उत्तमच, आणि तो तसं देतोच, कारण माल माझा म्हटलं तर तो कुठून आणला हे त्याला सांगावं लागेल. मग आदेश होतो: इतक्या रकमेचं बंधपत्र द्या, वस्तू विकू नका, मोडू नका, रूप बदलू नका, कोर्ट मागेल तेव्हा हजर करा. याला आपल्याकडे सुपुर्दनामा म्हणतात.

पोतीचा अर्ज तुमच्या नावानं करू नका, तुमच्या बायकोच्या नावानं करा. पोत तिची, तिचं स्त्रीधन. शिवाय विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे बाईला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही मिळतो. तालुका कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथं साधा अर्ज द्यायचा. ऊसतोडीचे पैसे वकिलाला देऊन दीड तोळ्याची पोत सोडवायची वेळ तुमच्यावर येऊ नये, म्हणून हे आधी सांगतोय.

सोनाराची पावती नसेल, तर घाबरू नका. गावाकडं दागिना चिठ्ठीवर घडतो, पक्कं बिल कोण घेतं! तिचं शपथपत्र, लग्नातले किंवा नंतरच्या एखाद्या कार्यक्रमातले फोटो ज्यात पोत गळ्यात दिसते, आणि जमलं तर ज्या सोनारानं घडवली त्याचा जबाब. पोत ओळखायची कशी, हे तिच्याकडून नीट लिहून घ्या. एका कामात बाईनं सांगितलं होतं की पोतीतला मधला एक मणी निसटला होता, म्हणून तिथं मी काळ्या दोऱ्याची गाठ मारलीय. कोर्टात पाकीट उघडलं, गाठ तिथंच होती. आरोपीच्या वकिलानं नेहमीचा प्रश्न विचारला, "अशा पोती बाजारात कुठंही मिळतात हे खरं आहे ना?" बाई म्हणाली, "पोती मिळतात, माझी गाठ मिळत नाही." उलटतपासणी तिथंच संपली. हजारो फिर्यादी याच प्रश्नाला "हो, खरं आहे" म्हणतात आणि ओळखीचा पुरावा तिथं ढासळतो, कारण फिर्यादीत लिहिलेलं असतं फक्त "अंदाजे दीड तोळे वजनाची सोन्याची पोत".

गाडीचं वेगळं. आरसी तुमच्या नावावर असेल तर काम सरळ. पण आपल्याकडं सेकंडहॅण्ड गाड्या टीटीओ (मालकी बदलाच्या) फॉर्मवर सह्या घेऊन फिरतात, नाव आधीच्याच मालकाचं राहतं. तसं असेल तर कोर्ट नोंदणीकृत मालकाकडेच बघतं. त्याचं ना-हरकत शपथपत्र आणि तुमच्या व्यवहाराचा कागद दोन्ही लावा. विमा असेल, तर चोरी कळताच लगेच कंपनीला लेखी कळवायला हवं होतं. उशीर झाला असला तरी फिर्याद वेळेत असेल तर दावा सोडू नका. फक्त विम्याचे पैसे घेतले असतील तर सापडलेली गाडी कंपनीची, हे लक्षात ठेवा. आणि गाडी ताब्यात घेताना बॅटरी, टायर, आरसे, मीटर सगळं बघून जे नाही ते ताबा पावतीवर लिहूनच सही करा. आवारात उन्हापावसात उभ्या गाड्यांचे सुटे भाग जातात, हे सगळ्यांना माहीत आहे.

झुंबर आणि पैशांबद्दल खोटी आशा देणार नाही. चोरीचं सोनं बहुधा लगेच वितळतं. पण आरोपीनं ज्या सोनाराला विकलं त्याच्याकडून सोन्याची लगड जप्त झाली असेल, तर तिच्यावर तुमचा दावा करता येतो. चोराकडून घेतलेल्या वस्तूची मालकी घेणाऱ्याला मिळत नाही, मग त्यानं पूर्ण भाव मोजलेला असला तरी. चोरीचा आहे हे माहीत असून घेतला असेल तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली स्वतःच आरोपी होतो. अडचण अशी की लगडीला गाठ नसते. त्यामुळे वजन, आरोपीचं निवेदन, सोनाराच्या वहीतली नोंद हे सगळं जुळावं लागतं, आणि एकाच टोळीनं पाच-सहा घरं फोडली असतील तर त्या लगडीवर पाच-सहा दावेदार उभे राहतात. तपासी अंमलदाराला आत्ताच लेखी विचारा की झुंबराबाबत कोणत्या सोनाराचा जबाब घेतला.

आता ज्यांचा मुद्देमाल जनावर आहे त्यांच्यासाठी. बैलजोडी किंवा शेळ्या चोरीला जातात तेव्हा ठाण्यात त्यांना ठेवायलाच जागा नसते, चारा कोण घालणार! त्यामुळे जनावरांचा अर्ज कोर्ट लवकर घेतं. जनावराच्या कानातल्या बारा अंकी बिल्ल्याचा नंबर पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या नोंदीत असतो. कानातून बिल्ला कापून टाकलेला असला तरी ती नोंद, रंग, शिंगांची ठेवण, डाग, खोड हे सगळं अर्जात लिहा. मोबाईल गेला असेल तर ठाण्यातल्या तक्रारीची प्रत घेऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या सीईआयआरमध्ये फोनचा आयएमईआय (ओळख नंबर) बंद करा. त्यात दुसरं सिम पडलं की माग लागतो, आणि असे फोन आता बऱ्यापैकी परत मिळतात.

हे झालं मालाचं. आता जामिनाचं.

साध्या चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा आहे, राहत्या घरातल्या चोरीला सात. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात गरज असल्याशिवाय अटकच करू नका, असं सुप्रीम कोर्टानं अर्नेश कुमार प्रकरणात 2014 साली सांगितलं. माल जप्त झाला, जबाब झाले, आरोपीची आणखी चौकशी उरली नाही, तर मॅजिस्ट्रेटपुढे प्रश्न एवढाच उरतो की हा पळून जाईल का, साक्षीदारांना दमदाटी करेल का, पुन्हा चोरी करेल का. जामीन म्हणजे सुटका नाही. खटला उभाच असतो. हे वाक्य बाजारात त्याला चहा पिताना बघणाऱ्या माणसाला पोकळ वाटतं, मला कळतं. पण याच नियमानं तुमच्या पुतण्याला खोट्या तक्रारीत उचललं तर तोही दुसऱ्या आठवड्यात घरी येतो.

खरी ढिलाई कुठे होते ते बघा. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा धरलेला माणूस पहिल्यांदाच धरल्यासारखा जामीन घेऊन जातो, कारण त्याच्यावरचे आधीचे गुन्हे कोर्टापुढे ठेवलेच जात नाहीत. चोरीत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर नव्या न्याय संहितेत किमान एक वर्ष सक्तमजुरी आहे, पाचपर्यंत जाऊ शकते. पण त्यासाठी आधीच्या निकालाची सहीशिक्क्याची नक्कल दाखल व्हावी लागते, आणि तेवढ्यासाठी शेजारच्या जिल्ह्यात कुणी जात नाही. जामिनाच्या वेळी बोलायचा हक्क तुम्हालाही आहे. लखीमपूर खिरी प्रकरणात 2022 साली सुप्रीम कोर्टानं म्हटलं की पीडिताला प्रत्येक टप्प्यावर ऐकून घेतलं पाहिजे. म्हणून सरकारी वकिलांना भेटा, आरोपीवर आधी कुठं गुन्हे आहेत हे माहीत असेल तर लिहून द्या, आणि त्यानं धमकावलं तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा. अटी मोडल्या तर जामीन रद्द होतो. नुसता बाजारात दिसला म्हणून मात्र होत नाही.

तुमच्या फिर्यादीत कलमं काय लावलीत ते बघून घ्या. रात्री कडी तोडून चोरीसाठी घरात शिरणं हे न्याय संहितेचं कलम 331(4), त्याला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुम्ही घरी नव्हता, म्हणून चोरी दिवसा झाली की रात्री हे शेजाऱ्याच्या जबाबावर ठरणार. शेवटचं घर कधी बघितलं, कडी तुटलेली कधी दिसली, हे त्यात नीट आलं पाहिजे. आणि इथं एक गोष्ट लोकांना माहीत नसते. हा खटला चालतो प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटपुढे, आणि त्यांना तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देता येत नाही. जास्त द्यावी असं वाटलं तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं, त्यांना सातपर्यंत देता येते. म्हणजे कागदावरचं चौदा आणि हातातलं तीन यात जे अंतर आहे ते न्यायाधीशांच्या मवाळपणाचं नाही, कायद्याच्या रचनेचं आहे. मालाची किंमतही खरी लिहा. पाच हजारांच्या आतली चोरी, आरोपी पहिल्यांदाच दोषी आणि माल परत केला, तर शिक्षा समाजसेवेची आहे.

मला स्वतःला संताप येतो तो तारखांचा. ऊसतोड कामगाराच्या खटल्यात साक्षीचं समन्स निघतं डिसेंबरात. माणूस असतो कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात फडावर. समन्स "मिळून येत नाही" म्हणून परत. दुसरं निघतं, तेही परत. चार वर्षांनी पंच येतो आणि म्हणतो, मला काही आठवत नाही, पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली. फिर्यादी आलाच नाही, पंच फितूर, आरोपी निर्दोष. मग गाव म्हणतं कोर्टानं सोडला. ज्या माणसाचं घर रिकामं होतं म्हणून फुटलं, त्याच कारणानं त्याचा खटलाही फुटतो. हा अन्याय आहे, आणि मला तो सोसवत नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, कारखान्यावर जाण्याआधी कोर्टाच्या पैरवी अंमलदाराकडे (खटल्यांचं काम बघणारा पोलीस) तुमचा चालू मोबाईल नंबर, कारखान्याचं नाव, मुकादमाचा नंबर लिहून द्या. सरकारी वकिलांमार्फत अर्ज द्या की माझी साक्ष पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर या काळात लावा. न्यायाधीश अशा अर्जाला सहसा नाही म्हणत नाहीत. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर खटल्याचा सीएनआर (ओळख) नंबर टाकला की पुढची तारीख मोबाईलवर दिसते, गावातल्या शिकलेल्या लेकराला सांगा. नव्या कायद्यात दृकश्राव्य माध्यमातून साक्ष घ्यायचीही सोय आहे, तीही मागा. आणि तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवणं आता कायद्यानं बंधनकारक आहे. कळवलं नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 चा उल्लेख करून लेखी विचारा. आरोपीच सापडला नाही अशा गुन्ह्यात "अ" समरी होते, म्हणजे गुन्हा खरा पण उघडकीस आला नाही. ती मंजूर होण्याआधी कोर्टाकडून तुम्हाला नोटीस येते. ती आली की गप्प बसू नका, म्हणणं मांडा.

गावानं तुडवायचं राहिलं. ते नको, आणि मी हे उपदेश म्हणून सांगत नाही. एक तर मारलेल्या आरोपीची वैद्यकीय तपासणी होते, अंगावरचे वळ कागदावर येतात, आणि त्याचा वकील तेच वापरून माल काढून दिल्याचं निवेदनच खोटं पाडतो. कोर्टात चालतं ते फक्त त्या निवेदनामुळं जो माल सापडला तेवढंच, आणि तेच गेलं तर मागं काही उरत नाही. दुसरं, माणूस दगावला तर खुनाचा गुन्हा तुमच्यावर आणि तुमच्या भावकीवर. तिसरं माझ्यासाठी सगळ्यात जड आहे. आपल्या भागात चोरी झाली की पहिली नजर पारध्याच्या पालाकडं जाते. 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण गावाच्या डोक्यातून गेला नाही. रात्रीतून उचललेली आणि पुढं काहीच निष्पन्न न झालेली पोरं मी जामिनासाठी उभी राहिलेली बघितलीत. त्यांच्यासाठी हाच कायदा कधीच मवाळ नव्हता. तुमच्या प्रकरणात माल आरोपीकडून पंचांसमोर निघालाय, म्हणून तुमची बाजू भक्कम आहे. ती भक्कमच ठेवा.

शेवटचं कामाचं. पोत ताब्यात घेताना ठाण्यात सोनाराचा काटा आणायला सांगा, तुमच्यासमोर वजन करा, जप्ती पंचनाम्यातल्या वजनाशी ताडून बघा. कमी भरली तर घेऊ नका, तिथंच लिहा आणि कोर्टाला कळवा. कर्नाटकातल्या एका बाईचे जप्त दागिने ठाण्यातून नाहीसे झाले, तेव्हा 1977 साली सुप्रीम कोर्टानं सरकारला त्यांची किंमत द्यायला लावली होती. आदेश झाल्यावर माल देण्यासाठी कुणी पैसे मागितले तर 1064 वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवा. आणि पोत घरी आली की ती गहाण ठेवू नका, मोडून दुसरं काही घडवू नका, पुढच्या हंगामाची उचल कमी पडली तरीसुद्धा. खटल्याचा निकाल लागल्यावर, आरोपी सुटला तरी, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 498 खाली पोत कायमची तुमच्याकडे राहील असा आदेश घ्यायचा आणि बंधपत्र रद्द करून घ्यायचं. त्या दिवसापर्यंत ती तुमच्या बायकोच्या गळ्यात असली तरी कोर्टाच्या हिशेबात मुद्देमालच आहे.